मोटार कुणी भरली

दिल्लीहून आलेल्या पत्रात माझी एकच अडचण सांगितली होती. दहा वर्षं मी स्वतःचा धंदा करते असं मी अर्जात लिहिलं होतं आणि त्याचा पुरावाही मीच दिला होता. अर्जदारानं स्वतःविषयी दिलेला दाखला ग्राह्य धरता येत नाही, तरी त्रयस्थ व्यक्तींकडून पुरावा पाठवावा, असं त्यांनी फार सभ्य इंग्रजीत कळवलं होतं.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. तो दाखला मी चांगल्या जाड कागदावर टाईप करून घेतला होता. निलम्मा बसवंतप्पा ही विजेच्या मोटारी भरण्यात निष्णात असून तिची वागणूक चांगली आहे, असं मीच लिहून खाली मीच सही केली होती आणि वर दुकानाचा शिक्का मारला होता. शिक्क्यावर नाव अप्पांचं. म्हणजे कॅनडाच्या वकिलातीतल्या साहेबाला असं दिसलं असणार की एका बाईनं स्वतःची शिफारस केली आहे आणि तिच्या वडिलांनी, जे अर्जाच्या दुसऱ्या पानावर मयत आहेत, तिला दुजोरा दिला आहे.

वाचनाची मला वाईट खोड आहे. माणूस खरोखर असतो का, यावर मोठ्या लोकांनी लिहिलेली जाड पुस्तकं मी मोटारीचं वार्निश वाळेपर्यंत वाचून काढलेली आहेत. असलाच, तर ते सिद्ध करायला कुठल्या कचेरीत जायचं, हे त्यांतल्या एकानंही लिहिलेलं नाही.

आमचं दुकान औरादला, बाजाराच्या रस्त्यावर. उन्हाळ्यात विजेचा दाब पडला की विहिरींवरच्या मोटारी जळतात. मग शेतकरी आपली मोटार बैलगाडीत घालून आणतो. आतली जळकी तार उपसून काढायची, खाचा साफ करायच्या, नवा कागद घालायचा आणि तांब्याच्या तारेची वेटोळी करून ती एकेका खाचेत बसवायची. याला आमच्याकडं मोटार भरणं म्हणतात. अप्पा हे काम हैदराबादेत शिकले होते. मी गुलबर्ग्याला इंग्रजी वाङ्मय घेऊन बी.ए. झाले आणि आई गेली म्हणून घरी परत आले. नोकरी लागेपर्यंत म्हणून अप्पांच्या हाताखाली बसले. ती नोकरी अजून लागायची आहे.

मग अप्पांचे हात थरथरायला लागले. आधी चहाची बशी वाजायची. पुढं तार खाचेत जाईना. गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी त्या दुखण्याचं नाव सांगितलं आणि ते वाढत जाईल हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी अप्पा दुकानाच्या पुढच्या खोलीत बसले, मी मागच्या, आणि मधे पडदा लागला. तेव्हापासून मोटारी मी भरत होते. गिऱ्हाइकांशी बोलणं, गाडीबरोबर विहिरीवर जाणं, मोटार बसवून घेणं हे अप्पांचं. हात ते खांद्यावरच्या टॉवेलाखाली ठेवायचे.

शिवाय एक काम असं होतं की ते दुसऱ्या कुणी करून चाललंच नसतं. भरलेली मोटार पहिल्यांदा सुरू करताना स्टार्टरचं बटण अप्पांनीच दाबायचं. हा आमच्या भागातला रिवाज. अप्पांच्या हाताला यश आहे, त्यांनी दाबलेली मोटार लवकर जळत नाही, असं औराद तालुक्यात म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे मानत. नारळ फुटायचा, बटण दाबलं जायचं, पाणी यायचं आणि हात अप्पांचा ठरायचा. मी मागच्या खोलीत कादंबरी संपवत असायचे.

मागच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. लोक पाच गावांहून आले, रडले, आणि त्यानंतर मोटारी उदगीरला न्यायला लागले. हात गेला, आता इथं काय ठेवायचं? माझी कॉलेजातली मैत्रीण महादेवी लग्नानंतर विनिपेगला असते. तिनं कळवलं की तिथं मोटार भरणारी माणसं मिळत नाहीत, अर्ज कर. माझ्या बी.ए.कडं त्या देशाचं लक्ष नव्हतं. मोटार भरण्याकडं होतं. फक्त मी ती भरते हे कुणीतरी सांगायला हवं होतं. इथं राहून काम मिळेना कारण मी काम करते हे कुणाला माहीत नव्हतं, आणि जायला मिळेना त्याचंही कारण तेच होतं.

मी सगळ्यात आधी भीमण्णा काकांच्या शेतावर गेले. अप्पांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या विहिरीवरची मोटार मी इतक्यांदा भरली होती की ती मला डोळे मिटून ओळखता आली असती. काका बाजेवर बसले, मला खाली चटई दिली आणि म्हणाले, "तू लिही, मी सांगतो. मला लिवता येत न्हाई, पर सांगायला लई येतंय."

मी वही उघडली.

"लिही. आमच्या हिरीवरची मोटार बसवंतप्पा..."

"काका, माझं लिहायचंय. मोटार मी भरली असं."

"तुजं येतंय की म्होरं! आदी बापाचं नाव येऊ दे. बापाला सोडून लेकीचं कुटं लिवत्यात व्हय?"

बापाचं नाव आलं. मग बापाचा हात आला. मग एका दुष्काळात अप्पांनी सणाच्या दिवशी जेवण सोडून मोटार बसवून दिली ते आलं. माझी पाळी पान संपता संपता आली.

"आन लिही, पोरगी लई गुणाची. दुकानात गेलं की आतून पाणी आणून देती. मान वर करून बोलत न्हाई."

त्यांची बायको चन्नव्वा काकू दारात तूर निवडत होती. ती म्हणाली, "कॅनडावाले तिला नवरा बगायलेत का? ती कामाचं लिवा म्हनती, तुमी गुणाचं सांगायलाव."

"मग काय खोटं सांगू? मी तिला पाणीच आणताना बगितलंय."

मी तो कागद पुरा करून त्यांचा अंगठा घेतला. अप्पांविषयी इतका चांगला मजकूर त्यांच्या हयातीत कुणी लिहिला नव्हता. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. कॅनडाला जायचं असतं तर अप्पा त्या कागदावर सरळ गेले असते.

नंतर शाळेत गेले. हेडमास्तर भीमराज सर शिस्तीचे. शाळेच्या बोअरची मोटार दोनदा आमच्याकडून भरून गेलेली. मी सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला.

"निलम्मा, जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते मी लिहून देत नाही. पोरांना तेच शिकवतो."

"सर, मोटार तर पाहिलीत."

"मोटार पाहिली. अप्पांनी बसवली तेही पाहिलं. भरताना कुणाला पाहिलं नाही. अप्पांनी भरली असंही मी लिहिणार नाही, घाबरू नकोस."

रिकाम्या हातानं पाठवायला त्यांना बरं वाटेना. म्हणून त्यांनी उत्तम इंग्रजीत एक दाखला दिला की अर्जदारानं शाळेच्या ग्रंथालयातली सर्व पुस्तकं वाचली असून ती वेळेवर परत केली आहेत. तो मी अजून जपून ठेवला आहे. माझ्याविषयी पूर्णपणे खरं असलेलं तेवढंच एक कागदपत्र.

शेवटी गुलबर्ग्याला विरुपाक्ष वकिलांकडं गेले. त्यांनी माझे दोन्ही कागद वाचले, हसू दाबलं आणि टाईपरायटर पुढं ओढला.

"हे बघा अक्का, गोष्ट सोपी आहे. मोटारी दुकानात भरल्या जात होत्या, हे सगळं गाव सांगतं. भरणारी माणसं दोनच. एक भरू शकत नव्हता असं दाखवलं की दुसरा आपोआप भरत होता."

त्यांनी प्रतिज्ञापत्र तयार केलं. त्यातलं तिसरं कलम असं होतं: माझे वडील दोन्ही हातांच्या कंपामुळं सन १९७७ पासून हे काम करण्यास पूर्णपणे असमर्थ होते. खाली माझी सही, आणि ज्यांना हे माहीत आहे अशा दोन साक्षीदारांच्या सह्या.

"या कलमावर केस उभी आहे," ते म्हणाले.

औरादची बस मिळायला वेळ होता. मी स्टँडवर बसून ते कलम पुन्हा पुन्हा वाचलं. वाक्यात खोटं काही नव्हतं. दहा वर्षं आम्ही दोघांनी पडदा लावून, टॉवेल पांघरून जे झाकलं होतं ते एका ओळीत व्यवस्थित बसलं होतं. मी काम करते हे दाखवायला अप्पांना, आणि तेही शिक्क्यानिशी, मोडीत काढायचं होतं. कादंबरीत असा प्रसंग आला असता तर मी त्या मुलीची बाजू घेतली असती. बसमध्ये मात्र मी कागद पिशवीत उलटा घालून बसले, जणू अप्पा शेजारच्या सीटवरून वाचतील.

घरी आले तर दुकानापुढं भीमण्णा काकांची बैलगाडी उभी. गाडीत मोटार.

"उदगीरवाल्यानं भरली, पुना जळाली," काका म्हणाले. "मिरची वाळायलीय. पोरी, तू म्हनत व्हतीस, तुला येतंय म्हून. खरं येतंय का, का कॅनडापुरतंच?"

"खरं येतं."

"मग मला बगू दे."

मला तेव्हाच सुचलं. "काका, मोटार परत घेऊन चला. मी तुमच्या ओसरीवर बसून भरते. ज्याला बघायचं त्यानं बघावं. भीमराज सरांनाही बोलावते."

सर रविवारी आले, स्वच्छ कपडे घालून, परीक्षेला पर्यवेक्षक येतात तसे. काकांच्या ओसरीवर गोणपाट अंथरलं होतं. मी मोटार खोलली तेव्हा चार माणसं होती. जळकी तार उपसेपर्यंत अंगण भरलं. कुणी बिडी पेटवली, कुणी शेंगा आणल्या. पडद्यामागं इतकी वर्षं एकटीनं काम केलेल्या बाईला हे सोपं नसतं. पहिली दोन वेटोळी मी चुकवली आणि उलगडली.

"चुकली का गं?" मागून कुणीतरी आनंदानं विचारलं.

"व्हय, चुकली. आता परत घालतीय," चन्नव्वा काकूनं माझ्यावतीनं सांगितलं. "तुज्या बायकोची भाकरी कदी करपत न्हाई का?"

वेटोळी नीट पडायला लागली तशी मी माणसं विसरले. बाहेर मात्र चर्चा चालू होती.

"हे तर सूत गुंडाळल्यावानी हाय की. बायकांचंच काम. अप्पा गडीमानूस असून कामून करत व्हते?"

"मग बस की तू वाती वळायला," काकू म्हणाली. "गडीमानूस हाईस, लई झटपट व्हतील."

सर मधेच उठून जवळ आले, वाकून खाचा बघितल्या आणि परत जागेवर गेले. तिथं बसून चष्मा पुसला. ते चांगलं लक्षण होतं.

वार्निश वाळवून मोटार विहिरीवर गेली ती दुसऱ्या दिवशी, आणि सगळे पुन्हा आले. मोटार बसली. नारळ फुटला. मग सगळे स्टार्टरकडं बघत उभे राहिले. बटण कुणी दाबायचं?

"काका, दाबा," मी म्हटलं.

"माज्या हातानं जळाली म्हंजे? न्हाई बाबा." त्यांनी सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, मी निरीक्षणाला आलो आहे. काका हळूच म्हणाले, "अप्पाचा फोटू आनायचा व्हता की गं. फोटू टेकवला असता बटनाला."

"काका, फोटो कागदाचा आहे. ओल्या विहिरीवर नको."

मीच पुढं झाले. दहा वर्षांत भरलेल्या एकाही मोटारीचं पाणी मी पाहिलेलं नव्हतं, हे मला बटणावर बोट ठेवल्यावर लक्षात आलं. मोटारीनं सूर धरला, पाईप हादरला आणि पाणी दांडात पडलं. लोकांनी आवाज केला. काकांचे डोळे भरून आले.

"बगा," ते सगळ्यांना म्हणाले, "अप्पाचाच हात!"

"अप्पाचाच," सगळे म्हणाले.

मी मोटार माणसांसमोर भरली, माणसांसमोर बसवली, बटण दाबलं आणि तरी हात अप्पांचाच निघाला. हे मी दिल्लीला कोणत्या शब्दांत कळवणार होते? आता तिसरं कलम वाचण्याशिवाय इलाज नव्हता. मी पिशवीतून प्रतिज्ञापत्र काढलं. ते इंग्रजीत होतं, म्हणून मराठीत सांगावं लागलं. मराठीत सांगताना मागं लपायला दुसरा शब्द मिळत नाही.

"काका, अप्पांनी दहा वर्षं एकही मोटार भरली नाही. भरता येत नव्हती. त्यांचे हात थरथरत होते."

हे वाक्य मी कुणापुढंच बोलले नव्हते, अप्पांपुढंही नाही.

"थरथरायचे की," काका म्हणाले. "समद्यांस्नी ठावं हाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आता बटन दाबताना मनगट मीच धरत व्हतो की त्येंचं! आन टावेल काय, वाऱ्यानं उडत न्हाई का?" त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांनी माना हलवल्या. "चाळीस वरसं करंटात हात घातलेला मानूस. कुटं जाईल तेवडा करंट? अंगात साटतो. शेवटाला तर हात नुसता थरारायचा. आमी म्हनायचो, आता अप्पाचा हात खरा तयार झाला. त्याआदी नुसता कारागीर व्हता."

दहा वर्षं मी टॉवेल धुवून, वाळवून, सकाळी त्यांच्या खांद्यावर घालत होते. आणि सगळा तालुका त्या टॉवेलाखालच्या हाताला मनातल्या मनात नमस्कार करत होता.

"भीमण्णा, शरीरात करंट साठत नाही," सरांनी समजावलं.

"सर, तुमी पुस्तकातला करंट सांगायलाव. ह्यो हिरीवरला हाय."

"मग मोटारी कुणी भरल्या?" सरांनी विचारलं. "त्यांच्या हातात तार राहत नव्हती, हे तुम्हाला दिसत होतं."

काका गोंधळले. हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. त्यांनी ओल्या बटणाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"आगं माय," ते म्हणाले. "म्हंजे तार तू भरायचीस, आन करंट अप्पा द्यायचे!"

"तसंच म्हना," चन्नव्वा काकू म्हणाली. "आन आंगटा द्या आता. मिरचीला पाणी धरायचंय."

काकांनी अंगठा द्यायला हात पुढं केला आणि मागं घेतला. "त्या कागदात अप्पाला काय म्हनलंय?"

"असमर्थ."

"ते काडून टाक. मग देतो."

मी गुलबर्ग्याला जाऊन तिसरं कलम काढायला सांगितलं. त्याऐवजी लिहायला लावलं की दुकान दोघांचं होतं, मोटारी भरण्याचं काम माझं आणि विहिरीवर मोटार तपासून सुरू करून देण्याचं काम वडिलांचं.

विरुपाक्ष वकील म्हणाले, "अक्का, केस कच्ची करायलात. मग तुम्ही स्वतंत्र धंदेवाईक कुठं राहिलात? भागीदार झालात."

अशा वेळी कादंबरीतल्या मुली मोठं काहीतरी बोलतात. मी विचारलं, शिक्का कुठं मारायचा.

काकांचा अंगठा आणि सरांची सही घेऊन कागद दिल्लीला गेला. सरांनी आपल्या सहीवर एक ओळ घातली होती: मोटार भरताना मी प्रत्यक्ष पाहिलं. पावसाळा संपता संपता उत्तर आलं. आता साहेबांची शंका वेगळी होती. भागीदारी होती तर अर्जदाराच्या कामाच्या दर्जाविषयी दुसऱ्या भागीदारानं हयातीत काही लेखी मत दिलं आहे का? असल्यास प्रत जोडावी.

मी घरभर शोधलं नाही. तसलं काही नव्हतं, हे मला माहीत होतं. अप्पांनी माझी स्तुती तोंडीही कधी केली नव्हती. मी उत्तर लिहायला बसले, आणि कधी नाही ते पहिल्याच खेपेला लिहून झालं.

लेखी मत नाही, असं मी लिहिलं. माझे वडील हैदराबादेत शिकलेले जुने कारागीर होते. दुसऱ्याच्या हातची मोटार दुकानात आली की ती स्वतः उघडून पाहिल्याशिवाय ते बाहेर जाऊ देत नसत. हात थरथरायला लागल्यावरही नाही. अशी मोटार ते मला उघडायला लावत आणि टॉर्च लावून आत बघत. मी भरलेली मोटार पुढं नेऊन ठेवली की ते फक्त विचारत, झालं? मी झालं म्हणत असे. मग ते ती गाडीत चढवायला सांगत. दहा वर्षांत माझी एकही मोटार त्यांनी उघडून पाहिली नाही.

टाईप करणाऱ्यानं वाचून विचारलं, "बाई, यात पुरावा कुठं आहे?"

"नसू दे," मी म्हटलं. "टाईप करा."

दिवाळीनंतर दिल्लीला मुलाखतीला बोलावलं. साहेब तरुण होता, माझ्यापेक्षा बराच. त्याच्यापुढं माझी फाईल होती आणि वर ते शेवटचं पत्र. त्यानं ते पुन्हा वाचलं.

"एकदाही नाही?" त्यानं विचारलं.

"एकदाही नाही."

त्यानं पेन उचललं आणि अनुभवाच्या रकान्यात वर्षं भरली. सगळी. मला उलट्या बाजूनं वाचता येतं, सवय आहे. मी आभार मानायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. अप्पा गेल्यापासून जे औरादला कुणापुढं केलं नव्हतं ते मी परक्या देशाच्या कचेरीत, गुळगुळीत टेबलापाशी केलं. बिचाऱ्या साहेबाला वाटलं की त्यानं वर्षं कमी धरली. त्यानं फाईल माझ्याकडं फिरवली आणि बोट ठेवून वर्षं पुन्हा मोजून दाखवली.